कथा चालनी?

बदलीचा कागद हातात पडल्या पडल्या तू मला फोन केलास. पहिला प्रश्न शाळेचा, इंग्लिश मीडियम चांगलं कुठलं. दुसरा पाण्याचा, तिसरा उन्हाचा. भाषेचं नाव नाही. पुण्याहून नंदुरबार म्हणजे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात, मराठी तर येतेच, असा तुझा हिशेब. म्हणून हे लिहून पाठवते आहे. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ म्हणतेस आणि ठेवला की विसरतेस. कागद निदान फ्रीजवर चिकटवता येतो.

पाणी उकळून प्या. ऊन मे महिन्यात ४४-४५ अंशांवर जातं, तेव्हा खिडकीला वाळ्याचा पडदा लाव आणि लेकीच्या दप्तरात कांदा ठेवायला लाजू नकोस. शाळेचं मागून सांगते, ते भाषेशिवाय सांगता येणार नाही.

पहिल्याच आठवड्यात तुला राग येणार आहे. कशाचा, ते आताच ऐकून ठेव. तू पिशवी घेऊन जिना उतरशील आणि खालच्या ओट्यावर बसलेली म्हातारी विचारेल, ‘कथा चालनी, बाई?’ कुठे निघालीस. तुझ्या पुण्याच्या आजीच्या घरी बाहेर पडणाऱ्याला ‘कुठे’ विचारायची सोय नव्हती. अपशकुन नको म्हणून ती ‘लांब का?’ असा वळसा घ्यायची. इथे ‘कथा चालनी’ हा नमस्कार आहे. तिला तुझा पत्ता नको असतो, तू दिसलीस याची पोच देत असते. ‘बजारले’ म्हटलंस तरी पुष्कळ झालं. परत येताना तीच ‘उनी का?’ विचारेल. आलीस का. दिसतंय की आलेली, तरी विचारेल. तू हसून ‘उनी’ म्हण. चार महिन्यांनी एखाद्या दिवशी ती ओट्यावर नसली की तुलाच चुकल्यासारखं होईल.

अहिराणी ऐकून गांगरू नकोस. तीन खुणा सांगते, त्यांवर निम्मी भाषा पार होते. ‘ळ’चा ‘य’ होतो: काळा तो काया, केळी ती केयी, डोळा डोया, जळगाव जयगाव. ‘ला’च्या जागी ‘ले’ येतं: माले, तुले, घरले. आणि करतो, करते, करतं या सगळ्यांचं काम एकटा ‘स’ करतो: मी करस, तू करस, तो करस. पोट दुखतं ते ‘पोट दुखस’. आहे म्हणजे ‘शे’. काय झालं म्हणजे ‘काय जयं’. मुलगा आंडोर, मुलगी आंडेर, पुष्कळ ते गंज. बाकी शब्द बाजारात मिळतील. कोणी तुला ‘म्हणजे बहिणाबाईंची भाषा ना?’ असं विचारलं तर सांग की त्या जळगावजवळच्या असोद्याच्या, त्यांची लेवा गणबोली. शेजारीण म्हणून मान आहे, पण घर निराळं. एक गंमत सांगून ठेवते. ग्रिअर्सन साहेबाने हिंदुस्थानातल्या भाषांची पाहणी केली, तीत मराठीचा खंड सातवा. आमची खान्देशी त्यात सापडत नाही. ती नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, १९०७ साली छापलेल्या, भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलेली आहे. ते बरोबर की चूक यावर विद्वानांनी भांडावं. एवढं मात्र खरं की इथल्या बाजारात दोघी खरोखरच शेजारी बसतात, एकीपुढे मिरची, दुसरीपुढे मोहाची फुलं.

म्हणजे अहिराणी शिकून काम संपलं असंही समजू नकोस. शहाद्याकडे गुजर घरांत निराळी बोली ऐकशील, नवापूरकडे मावची आणि कोकणी, अक्कलकुव्याकडे देहवाली, सातपुड्यात वर धडगावला पावरी. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि शंभरातले ६९ आदिवासी. तुझ्या लेकीच्या बाकावर जी मुलगी बसेल तिच्या घरात आईला ‘याहा’ म्हणत असतील. याहामोगी ही त्यांची देवी, मोगी आई. महाशिवरात्रीला देवमोगऱ्याला, सीमेपलीकडे गुजरातेत, तिची जत्रा भरते आणि आपल्याकडचे लोक गाड्या भरभरून जातात. त्या आठवड्यात वर्गात निम्मी पोरं नसली तर शाळेला नावं ठेवू नकोस.

आता माझी स्वतःची फजिती सांगते, म्हणजे तुला धीर येईल. मी नोकरीला लागले १९७९ साली. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हताच, तो १ जुलै १९९८ला झाला. आम्ही धुळे जिल्ह्यातले. नेमणूक अक्राणी तालुक्यातल्या, म्हणजे धडगावकडच्याच, एका आश्रमशाळेवर. पहिलीचा वर्ग, चाळीस पोरं. मी शिकवायची आणि शेवटी विचारायची, ‘समजलं का?’ चाळीस माना हलायच्या, ‘हो’. महिनाभर मी खुशीत. महिन्याने तालुक्याहून साहेब आले, त्यांनी एका मुलाला साधं विचारलं, ‘तुझ्या घरी कोण कोण आहे?’ तो म्हणाला, ‘हो.’ दुसऱ्याला विचारलं, तोही ‘हो’. बाईंचा सूर वर गेला की ‘हो’ म्हणायचं, एवढीच मराठी मी त्यांना महिनाभरात शिकवली होती.

मला पावरी शिकवली ती शाळेच्या कामाठीबाईने. संध्याकाळी ती तांदूळ निवडायची, मी समोर बसायची. मी पहिल्या दिवशी वही घेऊन गेले आणि एकेक वस्तू दाखवून ‘याला काय म्हणतात’ विचारू लागले. चार दिवसांत पन्नास नावं झाली आणि एक वाक्य बोलता येईना. पाचव्या दिवशी तीच कंटाळून म्हणाली, बाई, तुम्ही पोराला ताट म्हणून हाक मारणार का? तेव्हापासून मी वस्तू सोडल्या आणि कामं धरली. ये, बस, थांब, दे, घे, उघड, दुखतंय का, भूक लागली का, कोणी मारलं, चल घरी. आईला लेकराशी बोलायला लागतात तेवढीच. तुला सांगणं हेच: नवीन भाषा घेताना आधी क्रियापदं माग. दहा क्रियापदं तोंडात बसली की नावं आपोआप त्यांच्या मागे चालत येतात. ‘ह्याला काय म्हणतात’ विचारू नकोस, ‘लेकरू रडत असेल तर त्याला काय म्हणशील’ असं विचार. सांगणाऱ्यालाही मजा येते.

आणखी एक. पुस्तकात तेव्हा ‘अ’ अननसाचा होता. अननस मीसुद्धा पाहिला नव्हता, पोरं कुठून पाहणार? मी ‘म’पासून सुरुवात केली. ‘म’ मोहाचा. मोह प्रत्येकाच्या दारात. लेकीला घरी मराठी वाचायला बसवशील तेव्हा हे लक्षात ठेव. दुकानाची पाटी, एसटीचा फलक, मिरचीच्या पोत्यावरचं नाव. हातात येणारं अक्षर आधी.

आता जे सांगायचं ते सांगायला जीभ जरा अडखळते. तुझ्या आईला, माझ्या धाकट्या बहिणीला, आम्ही १९८३ साली पुण्याला दिली. बोलकी पोर. सासरी पहिल्याच दिवशी पंगतीत ती म्हणाली, ‘माले पानी द्या.’ वाढणारी हसली, मग पंगत हसली. कोणी वाईट नव्हतं ग, नुसते हसले. पण पोरगी त्या दिवसापासून गप्प झाली, आणि पुन्हा बोलायला लागली ती पुणेरी होऊन. तुला तिने अहिराणीतला एक शब्द दिला नाही. अंगाईसुद्धा नाही. तुला आठवतं, तू लहानपणी माझ्याकडे सुट्टीत आलीस आणि म्हणालीस, ‘मावशी, तुम्ही लोक असं का बोलता?’ तुझी आई शेजारी बसून भाजी निवडत होती. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही, उलट तुझ्याशी पुस्तकी मराठीत बोलू लागले.

आणि शाळेत काय करत होते? बदली होऊन खाली आल्यावर माझ्या वर्गात सगळी अहिराणी घरांतली पोरं. कोणी ‘काया फया’ म्हणालं की पट्टी. ‘काळा फळा म्हण.’ ज्या घरात मी स्वतः ‘काया’ म्हणत वाढले त्याच घरच्या पोरांना मी ‘ळ’साठी मारलं आहे. ‘ळ’ त्यांना आला, नाही असं नाही. पण मार न देताही आला असता. पुढे शेवटची दहा वर्षं मी तो तसाच शिकवला. ‘घरी काया, वहीत काळा’ एवढं सांगितलं की सहा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. घरातले कपडे वेगळे, शाळेचे वेगळे, हे त्याला ठाऊक असतं.

म्हणून तुझी लेक दुसऱ्या महिन्यात ‘आई, माले भूक लागनी’ म्हणत घरात शिरेल तेव्हा तिला दुरुस्त करू नकोस. हसू तर अजिबात नकोस. जेवायला वाढ. आणि तुला धीर होत असेल तर तिलाच विचार, ‘मग मी तुला काय म्हणू ग, जेवायला ये म्हणायचं तर?’ ती शिकवेल. चुकशील, ती खदखदून हसेल. हसू दे. आईला चुकताना पाहिलेलं पोर स्वतः चुकायला भीत नाही, हे चौतीस वर्षं वर्गात उभं राहून पाहिलंय. जी मुलं वर्गात तोंड उघडत नसत त्यांच्या घरी बहुतेक वेळा एक कधीच न चुकणारा बाप असायचा.

जावईबापूंना हे वाचायला दे. त्यांची नोकरी बँकेतली, खिडकीवर त्यांना भाषेचा प्रश्न तुझ्याआधी पडणार आहे. डोंगरातली जुनी माणसं अजून विसांनी मोजतात. पन्नास म्हणजे दोन विसा आणि दहा. त्यांना आकडा कागदावर लिहून दाखवण्यापेक्षा नोटा विसाविसाच्या थप्पीने मांडून दाखवाव्यात. आणि समोरचा नुसता मान हलवत असेल तर माझे चाळीस ‘हो’ आठवावेत.

शाळा. माझं मत विचारशील तर फी आणि इमारत पाहण्याआधी मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभी राहा आणि ऐक. पोरं मोकळेपणी, मोठ्यांदा, आपापल्या बोलीत कालवा करत असतील तर ती शाळा घे, माध्यम कुठलंही असो. पोरं एकमेकांशी कुजबुजत असतील आणि ‘मराठी बोलल्यास दंड’ अशी काही भानगड असेल तर पुढच्या फाटकाशी जा. मराठी शिकवणं तर २०२०च्या कायद्याने सगळ्याच माध्यमांच्या शाळांना सक्तीचं झालंय, त्याची चिंता नको. जिल्हा परिषदेची शाळा जवळ असेल तर आत डोकावल्याशिवाय नाक मुरडू नकोस, मी त्यातलीच.

वर्गात दिवाळीनंतर काही जागा रिकाम्या होतील. ती पोरं आई-बापांबरोबर ऊसतोडीला जातात, बारडोली, सुरत, पार सौराष्ट्रापर्यंत. होळीला परततात, काही त्याच्याही नंतर. आल्यावर मास्तर म्हणतात, मागे पडली. माझ्या वर्गात एक मुलगी होती, सहा महिने उसाच्या फडात राहून आली. मराठीचं पुस्तक उघडलं की अडायची. एकदा सहलीला जाताना रस्त्यावरची गुजराती पाटी तिने धडाधड वाचून दाखवली. कोणी शिकवली? कोणी नाही. मुकादमाच्या टपरीसमोर बसून ती अक्षरं लावत होती. घरी भिल्ली, बाजारात अहिराणी, फडात गुजराती, शाळेत मराठी, गाण्यांत हिंदी. पाच भाषा येणारी मुलगी आमच्या हजेरीपटात ‘कच्ची’ होती. अशी कोणी तुझ्या लेकीची मैत्रीण झाली तर तिला घरी जेवायला बोलव. आणि तिचे आई-वडील जायला निघाले असतील तर शाळेतून शिक्षण हमी कार्ड घ्यायची आठवण कर, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईने शब्द टाकला की ते लवकर मिळतं, हे बरोबर नाही, पण तसं आहे.

आता फिरण्याचं. तू गुगलवर तोरणमाळ पाहून ठेवलंच असशील. साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, यशवंत तलाव आहे, जा जरूर. पण पहिली सहल तिथे नको. पहिली सहल नवापूरच्या रेल्वे स्टेशनवर कर. हसू नकोस. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. १ मे १९६०ला राज्यं वेगळी झाली आणि रेघ फलाटावरून गेली. तिकिटाची खिडकी आपल्यात, स्टेशन मास्तरांची खोली त्यांच्यात. मधोमध एक बाक आहे, अर्ध्यावर महाराष्ट्र लिहिलंय, अर्ध्यावर गुजरात. लेकीला त्यावर बसव आणि घोषणा ऐकायला सांग. त्या चार भाषांत होतात, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. तीच गाडी, तोच फलाट, चार वेळा. भाषा शिकायला यापेक्षा चांगला फुकटचा वर्ग मला माहीत नाही. तिला विचार, चारही वेळा सारखा ऐकू आला तो शब्द कुठला? गाडीचं नाव. तिथून सुरुवात.

गुजराती अक्षरांना वरची रेघ नसते. ती मनाने ओढायची, की निम्मी अक्षरं ओळखीची निघतात. क, ख, च, ज, फ अशी काही अडतात, ती एका दुपारी येतात. पण सारखे दिसणारे शब्द जपून. गुजरातीत ‘बारी’ म्हणजे खिडकी, तेव्हा ‘टिकिट बारी’ वाचून आपली बारी कधी येणार म्हणून वाट पाहत उभी राहू नकोस. ‘चोपडी’ म्हणजे पुस्तक. हिंदीतली ‘शिक्षा’ तर तुला ठाऊकच आहे. माझ्या वर्गातल्या एका हिंदी भाषक मुलाने ‘मला शिक्षा आवडते’ असं निबंधात लिहिलं होतं, मी गालातल्या गालात हसत पूर्ण गुण दिले. आणि तिकडे दारूबंदी आहे, हे जावईबापूंच्या पुण्याच्या मित्रांना गाडीत बसायच्या आधी सांग.

डोंगरात जाताना शब्द एकच पाठ कर: मुक्कामी गाडी. संध्याकाळी गावात येते, रात्रभर तिथेच थांबते, पहाटे सुटते. दुपारची परतीची गाडी चुकली तर हीच. गावात उतरल्या उतरल्या कंडक्टरला विचारायचं, परतीची शेवटची कधी आणि मुक्कामी कुठली. घड्याळाचं उत्तर मिळालं तर ठीक, ‘बाजार उठल्यावर’ असं मिळालं तर तेही खरंच असतं. काळी-पिवळी भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा तिच्या ड्रायव्हरला ‘किती वेळ’ असं न विचारता ‘किती माणसं कमी’ असं विचार. फोनला डोंगरात रेंज मिळेलच असं नाही; घरी कोणाला तरी जाण्याचा रस्ता सांगून निघ.

तळोद्याहून धडगावला चांदसैली घाट लागतो, अक्कलकुव्याहून मोलगीला देवगोईचा. जोराच्या पावसात चांदसैलीला जायचं नाही, दरडी कोसळतात. निघायच्या सकाळी तळोद्याच्या स्टँडवर विचारून घे, घाट चालू आहे का. लेकीला गाडी लागते ना? उपाशी नेऊ नकोस आणि दूधही पाजू नकोस. कोरडी भाकर, आवळ्याची सुपारी, पुढची सीट. वाटेत खायला दशम्या कर. दुधात भिजवलेल्या, दोन दिवस टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी. नंदुरबारची मिरची अंदाज घेऊन वापर, पुण्याच्या हाताने टाकलीस तर रडशील. हिवाळ्यात शहराबाहेर मिरचीच्या पथारी लागतात, लाल गालिचे घातल्यासारख्या. पाहायला सुंदर, पण वारा तुमच्याकडे असला तर पोराच्या नाकाला ओला रुमाल धरायचा आणि काच वर.

दोन तारखा कॅलेंडरवर आताच खुणव. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, सारंगखेड्याची यात्रा सुरू होते. तापीच्या काठी, एकमुखी दत्त, आणि देशभरातून आलेले घोडे. तिथे लेकीला घोड्यांचे शब्द वेचू दे: पांढराशुभ्र तो नुकरा, चारही पाय आणि तोंडावर पांढरं असलेला पंचकल्याणी. घोडेवाले हिंदी बोलतात, पण प्रत्येकाची हिंदी त्याच्या गावची. गर्दीत पोराच्या खिशात चिठ्ठी ठेव, तुझं नाव आणि फोन, मराठीत.

दुसरी होळी. काठीची राजवाडी होळी मोलगीजवळ. उंच बांबू उभा करतात, रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते पहाटे. पुण्यासारखं संध्याकाळी नारळ टाकून घरी यायचं नाही. त्याच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतात, तिथे जाऊन नवे कपडे, दागिने, गूळ-डाळ्या सगळं पाहून घ्यायचं. ऊसतोडीची माणसं याच होळीसाठी परत येतात, म्हणून नाचणाऱ्याच्या अंगात हंगामभराचा शीण आणि आनंद दोन्ही असतं. फोटो काढायचा तर आधी विचार. मोबाइल पुढे करून पोराला ‘त्या बघ कशा नाचतायत’ असं म्हणू नकोस, ते लोक तुझे पाहुणे नाहीत, तू त्यांची पाहुणी आहेस. जोहार कर, रामराम कर, बसायला सांगितलं तर जमिनीवर बस. पोराला पांघरूण घे, दोन. डोंगरातली थंडी फसवी असते; डाब आणि तोरणमाळकडे हिवाळ्यात दव गोठतं, ही काही वर्तमानपत्राची अतिशयोक्ती नाही, मी पानांवरचं बर्फ बोटाने खरवडलंय.

शहरात असशील त्या दिवशी लेकीला हुतात्मा शिरीषकुमारांच्या स्मारकाशी घेऊन जा. ९ सप्टेंबर १९४२, शाळेतली पोरं तिरंगा घेऊन निघाली आणि त्यांनी गोळ्या झेलल्या, शिरीषकुमार त्यांतलेच. शिरीषकुमारांची घरची भाषा गुजराती होती. हे तिला सांग, भाषण न करता, जाता जाता.

तुझ्या आईचा विषय मात्र अर्धा राहिला. तिला मी गेल्या आठवड्यात सांगितलं की तू इकडे येते आहेस. ती म्हणाली, ‘पोरीचं कसं होईल तिकडे?’ पुणेरीत म्हणाली. मी म्हटलं, होईल. मग ती थोडा वेळ गप्प होती आणि तिने विचारलं, ‘आपल्या वावरातला मोह अजून शे का?’ चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडून ‘शे’ ऐकलं. तिलाही कळलं असावं, कारण लगेच फोन ठेवला.

गाडी सुटली की मला फोन करू नकोस, मी स्टँडवर येतेच आहे. तिला कर. ‘माय, मी नंदुरबारले जाई राहिनी,’ एवढंच म्हण. चुकलीस तर ती दुरुस्त करेल. ती काय म्हणाली ते मला उतरल्यावर सांग.